बुधवारची पेटी

देवगाव रंगारी,
शुक्रवार, ८ एप्रिल १९८८

चि. रामकिसन यास बद्रीमामाचा आशीर्वाद.

अक्काचा दमा कसा आहे? चैत्रातली धूळ तिला सोसत नाय, तिला अंगण झाडू देऊ नका. आवडाची दाढ काढली, का अजून लवंग धरूनच दिवस काढतीय? पोरीला वरचं दूध पचतंय ना? आणि तू दुपारचा डबा खातोस, का तसाच परत आणतोस? इकडं तुझ्या साळूमामीचा गुडघा पायरी आली की कुरकुरतो, एरवी गावभर हिंडतो. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. तीस वर्षं विहिरीवरच्या ऑइल इंजिनांना कान लावून बसलो, त्याचं हे इनाम.

तुझं पत्र सांडू कंडक्टरनं काल हातात दिलं. पोस्टापेक्षा त्याची एष्टी बरी, यापुढंही त्याच्याच हाती देत जा.

पत्र दोनदा वाचलं. पाडव्याला तात्यासाहेबांकडून घेतलेली जुनी फटफटी गावात बिनतक्रार पळते, आणि बुधवारी लशीची पेटी घेऊन निघालास तर पडेगावच्या पुढं चढावर फुरफुरून बंद पडली. वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली. तुझी नोकरी तीन महिन्यांची, कच्ची. काम एकच: दर बुधवारी शहरातून पेटी उचलायची आणि दौलताबादच्या पलीकडच्या वस्त्यांवर दहाच्या आत, बर्फ वितळायच्या आत पोचवायची. तुझ्या आधीच्या माणसाला उशिरापायीच काढला. म्हणजे तुझी भाकर आता त्या टाकीतून खाली येणाऱ्या पेट्रोलवर आहे, आणि तिकडं बाया रोज बुडवून लेकरं घेऊन ताटकळतात ते वेगळं.

प्लगला ठिणगी होती म्हणतोस. मग इंजिन उपाशी मेलं, दुसरं काय नाय. जुन्या टाकीत गंज असतो. झाकण उघड, सगळं पेट्रोल फडक्यातून गाळून काढ. टाकीखालच्या कॉकची जाळी ब्रशनं धू. कार्बोरेटरची वाटी उतरव, आतलं बारीक भोक फुंकून मोकळं कर, तार घालू नको. मग नळी काढून बघ, धार करंगळीएवढी पडली पाहिजे.

गाडी गरम असताना पेट्रोलजवळ बिडी ओढणाऱ्याला उभा करू नको.

तुझा,
बद्रीमामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
गुरुवार, १४ एप्रिल

ती. मामांना रामकिसनचा साष्टांग नमस्कार.

आईचा दमा ठीक आहे. आवडाची दाढ निघाली. पोरगी मजेत.

तुम्ही सांगितलं ते रविवारी सगळं केलं. जाळीत थोडा गंज होता, तो काढला. वाटी धुतली, भोक फुंकलं. नळीतून धार अगदी तुम्ही म्हणता तशी पडली. रेल्वे स्टेशनपर्यंत दोन चकरा मारल्या, गाडीनं हूं केलं नाही. मंगळवारी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली, म्हटलं आता पेट्रोल कमी पडायची बातच नको.

काल बुधवारी पुन्हा तेच झालं. तोच चढ, पन्नास पावलांचाही फरक नाही. मी प्लग काढला, पुसला, किका मारून मारून पिंडरी भरून आली. मागून ट्रक आला तो हॉर्न देत अंगावरूनच गेला. तासाभरानं चालू झाली, दौलताबादच्या अलीकडं परत बंद. एकूण दीड तास गेला. पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. यमुनाबाई सिस्टर वस्तीच्या शाळेत लस टोचायला बसतात, त्या म्हणाल्या, "आलास? मला वाटलं दौलताबादचा किल्ला चढून आलास." लस दिली गेली. बर्फ होता.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी बोलावून सांगितलं, पुढच्या बुधवारी उशीर झाला तर दुसरा माणूस तयार आहे.

मामा, माझ्याकडं एकच बुधवार आहे. दुसरी गाडी मिळायची नाही. काहीतरी सांगा.

आपला,
रामकिसन


देवगाव रंगारी,
शुक्रवार, १५ एप्रिल

चि. रामकिसन यास आशीर्वाद.

कालपासून तुझीच गाडी डोक्यात चालू आहे, आणि डोक्यातबी ती चढावरच बंद पडतीय. साळू म्हणाली, जेवताना भाताशी काय बोलताय.

मी सगळी हयात डिझेलची इंजिनं दुरुस्त केली. त्यात नळीत हवा शिरली की इंजिन मरतं, म्हणून आम्ही पहिल्यांदा हवा काढतो. तुझ्याकडंही कुठून तरी हवा शिरतीय असं मला वाटतंय. नळीची दोन्ही टोकं तपास, चीर असंल तर बदल.

पण एक कोडं सुटत नाय. घरी धार चांगली, गावात गाडी चांगली, आणि दहाबारा किलोमीटर झाले की मरते. मरते आणि परत जिवंत व्हते. म्हणून मला असं लिही: गाडी बंद पडल्यापासून चालू होईपर्यंत तू काय काय करतोस. पाय कुठं टेकतोस, हात कुठं लावतोस, सगळं. तुला ते येडेपणाचं वाटलं तरी गाळू नको. आजारी माणूस काय खाल्लं ते सांगतो आणि पानावरचा चुना सांगायचा राहतो, तसं नको.

दुसरी गोष्ट. आपल्या लग्नाकार्यात मी कन्नडहून बर्फ आणलेला आहे, भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून. चैत्राच्या उन्हात तो दीड तास कसा तग धरतो हे मला ठाऊक हाय. तुझी पेटी चांगली असंल, मला माहीत नाय. तेवढं बर्फाचं नीट लिही.

बद्रीमामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
शनिवार, १६ एप्रिल

चि. बद्री यास चतुराबाईचा आशीर्वाद. मी सांगतीय आणि आवडा लिहितीय.

रामकिसनला ठाऊक नाय मी तुला लिहितीय ते. तू त्याला गाडी चालू करायच्या युक्त्या सांगू नको. ती गाडी विकायला सांग. तात्यासाहेबांनी ती का काढली हे तुला त्यानं लिहिलं नसंल. त्यांचा लेक तिच्यावरून पडून गेला. त्यांच्या बाईनंच मला देवळात सांगितलं. आता तूच बघ, दर खेपेला एकाच जागी बंद पडती, ही काय साधी गोष्ट हाय का? तिथं कोण तरी तिला आडवं येतंय.

मी माझ्याकडून कमी करत नाय. पाडव्यापासून दर मंगळवारी गाडी धुऊन हार घालते, तेलात शेंदूर कालवून टाकीच्या झाकणावर मारुतीला लावावा तसा दाट लावते. पहिल्या खेपेला बंद पडली तशी बोटभर जाड लावायला लागले. तरी गुण नाय. माझंच काय चुकतंय का, तेबी बघ कुणाला तरी इचारून.

एकुलता एक लेक हाय माझा. नोकरी गेली तर जाऊ दे.

(मामा, हे मी आवडा लिहिते. आत्यांना न सांगता. हे बुधवारपासून नीट जेवत नाहीत. परवा पोरीला ताप आला तर रात्री उठून तीनदा तिचं अंग उघडून बघितलं, पुरळ आली का म्हणून. विचारलं तर चिडतात. नोकरीची काळजी असेल, पण मला ते वेगळंच वाटतं.)


पुंडलिकनगर, औरंगाबाद
रविवार, १७ एप्रिल

ती. मामांना नमस्कार.

नळी नवीन टाकली. आता तुम्ही विचारलंत ते क्रमानं लिहितो.

गाडी आधी दम खाते, मूठ पिळली तरी जोर येत नाही, मग फुरफुर करून बंद. मी बाजूला घेतो, स्टँडवर लावतो. कॉक रिझर्व्हवर फिरवतो, फरक नाही. किका मारतो. प्लग काढून पुसतो, परत बसवतो. किका मारतो, फरक नाही. मग पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडतो. उघडताना सोड्याच्या बाटलीसारखं फुस्स वाजतं. आत पेट्रोल भरपूर दिसतं. झाकण लावतो. मग थोडं थांबून किक मारली की चालू.

पहिल्या खेपेला झाकण लवकर उघडलं, दुसऱ्या खेपेला तासाभरानं. एवढंच.

बुधवार तीन दिवसांवर आहे.

रामकिसन


देवगाव रंगारी,
सोमवार, १८ एप्रिल, सकाळ

चि. रामकिसन,

सांडूची गाडी निघायला अर्धा तास आहे, म्हणून हालहवाल पुढच्या पत्रात. तुझं दुखणं सापडलं.

टाकीच्या झाकणाला टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. इंजिन पेट्रोल पितं, तेवढी जागा टाकीत रिकामी होते, ती भरायला त्या भोकातून हवा आत आली पाहिजे. घासलेटच्या पत्र्याच्या डब्याला आपण एकाच्या जागी दोन भोकं पाडतो. दुसरं बुजवलं तर पहिल्यातनं घासलेट थेंब थेंब येतं आणि मग थांबतं. मी आज पहाटे डबा घेऊन बोटानं भोक दाबून बघितलं, साळूसमोर. तिला वाटलं मी कामातनं गेलो.

तुझं भोक बुजलंय. तू झाकण उघडतोस तेव्हा जे फुस्स वाजतं, ती बाहेरची हवा आत घुसतीय. घरी तू झाकण उघडं ठेवून धार बघितलीस, म्हणून ती चांगली पडली. चूक माझी, मीच तुला झाकण उघडायला लावलं होतं. आणि टाकी गळ्यापर्यंत भरलीस तेव्हा आत हवा उरलीच नाय, म्हणून दुसऱ्या खेपेला जास्त छळलं. तीस वर्षं इंजिनातली हवा काढत आलो आणि एका इंजिनाला हवाच मिळत नाय हे मला दिसंना.

आता भोक कशानं बुजलं ते ऐक, आणि ऐकून घरात तोंड वाजवायचं नाय. अक्का दर मंगळवारी झाकणावर शेंदूर लावते. तू रोज बघतोस, म्हणून तुला ते लिहावंसंच वाटलं नाय. तेल आणि शेंदूर भोकात बसून त्याचा सुतारानं फटीत लांबी भरल्यासारखा बूच झालाय. गाडी बंद पडली की ती बिचारी आणखी जाड लावते. मंगळवारी लेप, बुधवारी गाडी बंद. चढाशी कुणाचं वैर नाय, तिथपर्यंत टाकीतली हवा पुरते एवढंच.

पेट्रोलच्या फडक्यानं शेंदूर काढ, टाचणीनं दोन्ही बाजूंनी भोक मोकळं कर, तोंडानं फुंकून बघ. टाकी पाऊण भर. अक्काला सांग, बद्रीनं सांगितलंय की शेंदूर पुढच्या दिव्याच्या वर लावायचा, कारण रस्ता तिकडून दिसतो. तिची चूक झाली असं म्हणायचं नाय. तिनं तुझ्यासाठी केलं.

तुझ्या पत्रात बर्फाची ओळ नव्हती. मी विसरलो नाय.

मामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
गुरुवार, २१ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

भोकातून शेंदराची बारीक कांडी निघाली. काल पडेगावचा चढ आला तेव्हा मी श्वास धरला होता, गाडीनं धरला नाही. पावणेनऊला पोचलो. सिस्टर म्हणाल्या, "आज किल्ला कुणी खाली आणून ठेवला?" आईनं दिव्यावर शेंदूर लावला आणि म्हणाली, "बद्रीला लहानपणापासून सगळ्याची उठाठेव."

नोकरी राहिली. तुम्ही राखलीत. म्हणून आता तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

१३ तारखेला बर्फ नव्हता. दुसऱ्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा पेटी उघडून बघितली, नुसतं कोमट पाणी. ते रस्त्याच्या कडेला ओतलं. दौलताबादच्या फाट्यावर सरबताच्या गाडीवरून बर्फाचा खडा घेतला आणि पेटीत वरच ठेवला. सिस्टरनी झाकण उघडून विचारलं, "बर्फ हाय ना रे?" मी म्हटलं, हाय. त्यांना खडा दिसला. त्यांनी सतरा लेकरांना पोलिओचे थेंब पाजले, त्यातल्या काहींना गोवरची टोचली. बाया मला पण पाणी देत होत्या, ऊन लई आहे म्हणून.

लस तापली की तिचा जोर जातो हे मला शिकवलेलं आहे. वहीत सगळ्यांच्या नावापुढं खूण झाली. आता त्यांना कुणी परत बोलावणार नाही.

काल त्याच बाया भेटल्या. एकीनं लेकरू दाखवलं, म्हणाली, आता याला काय होत नाय. मामा, मी काय करू? सांगितलं तर नोकरी जाईल, आणि सिस्टरवरही ठपका येईल.

रामकिसन


देवगाव रंगारी,
शुक्रवार, २२ एप्रिल

रामकिसन,

मी चिडलो नाय असं लिहिलं तर माझंही पत्र तुझ्या पेटीसारखं होईल. चिडलो.

एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाय. तुझ्याआधी अक्काला एक मुलगा झाला होता. रझाकारी संपली, पोलीस ॲक्शन झाली, त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तो गोवरानं गेला. नऊ महिन्यांचा. तेव्हा लस नव्हती. मी त्याला पाठुंगळीला घेऊन कन्नडच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो होतो. अक्का मागं होती. दवाखाना दिसायला लागला आणि तिनं मला हाक मारून थांबवलं, कारण तिला मागून दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. ती तुझ्या गाडीला बोटभर शेंदूर का लावते ते आता तुला कळंल.

काय करू म्हणून विचारतोस. तुला ठाऊक हाय, म्हणूनच पुरळ बघायला उठतोस. सोमवारी डॉक्टरांकडं जा. पहिल्यांदा सांग की खडा मी ठेवला, सिस्टरला ठाऊक नव्हतं. हे पहिल्यांदा सांग, शेवटी नको. मग तारीख सांग, मग सतरा आकडा सांग. गाडीची रडकथा सांगू नको. गाडी बंद पडली हा गुन्हा नाय, खडा हा हाय.

नोकरी गेली तर इथं ये. तेरा इंजिनं माझ्या वाट्याला हायत, एका कानानं ती मला झेपत नाय. ही तुला लाच नाय, सोय सांगतोय.

मामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
गुरुवार, २८ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं उठून पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "सोमवारची वाट कशाला बघतोस?" मी शनिवारीच गेलो.

तुम्ही सांगितल्या क्रमानंच बोललो. डॉक्टरसाहेबांनी खुर्चीकडं बोट दाखवलं होतं, ते खाली घेतलं. सिस्टरना बोलावलं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "साहेब, मी खडा बघितला, हात घालून बघायला पाहिजे होतं." मग मला म्हणाल्या, "रामकिसन, मी त्या बायांना माझ्या तोंडानं सांगितलं होतं, आता भ्यायचं नाय म्हणून." चार माणसांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, डोस परत दिल्यानं लेकरांना अपाय होत नाही, पण सतराच्या सतरा परत झाले पाहिजेत. नोकरीचं त्यानंतर ठरवू. पेटी आता दुसरा माणूस नेतो. मी त्याच्या मागं फटफटीवर घरोघर जाऊन लेकरं गोळा करतो.

काल सोळा झाले. दोन घरांत शिव्या खाल्ल्या, एका बाईनं दार लावून घेतलं. आई म्हणाली, मी येते. ज्या गाडीला शेंदूर लावून ती हात जोडून लांब सरायची तिच्यावर मागं बसली, माझा सदरा मुठीत धरून. त्या बंद दाराशी बसून ती दाराकडं बघत बोलत राहिली. काय बोलली मला ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं दार उघडलं.

सतरावं राहिलं. वहीत लेकराच्या आईचं नाव मनकर्णाबाई, बापाचं काम विहीर खोदणं. पाल उठवून गेलेत. कुणी म्हणतं वैजापूर, कुणी म्हणतं कन्नडची बाजू. तुम्ही विहिरी-विहिरींवर फिरता. कुठं दिसली तर कळवा.

रामकिसन


देवगाव रंगारी,
शनिवार, ३० एप्रिल, दुपार

चि. रामकिसन यास अनेक आशीर्वाद.

अक्का फटफटीवर बसली हे साळूला सांगितलं तर ती म्हणते, पत्र नीट वाचा, एका कानानं ऐकता तसं एका डोळ्यानं वाचलं असंल.

मनकर्णाबाई सापडली. काल तीन गावं सायकलीवर पालथी घातली, आज सकाळी गल्लेबोरगावच्या अलीकडं, डांबरी सोडून डाव्या हाताला, लिंबाखाली सहा पालं दिसली. लेकरू झोळीत होतं. मुलगी हाय, गुटगुटीत, माझा चष्मा ओढत होती.

मी सगळं सांगितलं. तिचा नवरा विहिरीत होता, ती एकटीच ऐकत होती. ऐकून म्हणाली, "मागच्या खेपेला बी चांगली लस म्हणूनच दिली व्हती. आता ही चांगली हे कुणी सांगायचं? तुमी?" मी म्हटलं, माझा भाचा हाय तो, मी सांगतो. ती म्हणाली, "तुमी कशाला? ज्यानं बर्फ ठेवला त्याला पाठवा. माझ्या म्होरं बसून बोलू दे. मग मी लेकराचा हात धरते, का त्याला हाकलते, ते तवाच्या तवा बघू." मी तिच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

आता मुद्द्याचं. ती विहीर पस्तीस हातांवर गेलीय आणि काल खाली ओल लागलीय. पाणी लागलं की ह्यांचं काम संपतं, त्याच दिवशी पाल उठतं आणि पुढची विहीर कुठं हे त्यांनाबी माहीत नसतं. मुकादमाला मी विचारलं, तो म्हणाला उद्या नाय तर परवा. मी त्याचं इंजिन बघून देतो म्हणून तिथं घुटमळत राहीन, पण पाण्याला मी थांबवू शकत नाय.

म्हणून हे पत्र वाचलं की डॉक्टरांकडं जा, सिस्टर आणि पेटी घे, पेटीत स्वतः हात घालून बर्फ बघ आणि नीघ. मनकर्णाबाईपुढं काय बोलायचं ते रस्त्यात ठरवत बसू नको. झालं तसं बोल.

मी लिंबाखाली असेन. चुकामूक झाली, पाल आधीच उठलं, तर सांडूच्या हाती लगेच दोन ओळी धाड, मी पुढच्या गावाला लागतो. आणि मी तिथं नसताना लेकराला लस मिळाली तर एकच ओळ लिही, पण त्याच दिवशी लिही. वाट बघतोय.

तुझा,
बद्रीमामा